हालअपेष्टांचा रविवार

खण्ण. बादलीची कडी आपटली आणि सकाळची शांतता मोडली. नवरा बर्फाच्या पाण्याने आंघोळीला बसला होता.

दोन महिन्यांपूर्वी त्याला स्टोइक तत्त्वज्ञानाचं खूळ लागलं. जे आपल्या हातात नाही त्याचा त्रास करून घ्यायचा नाही, आणि आठवड्यातून एक दिवस मुद्दाम हालात काढायचा. हाल रविवारी. त्यांची तयारी शनिवारी, ती मी करायची: बर्फ लावणं, सतरंजी झटकणं, बिनमिठाचं वेगळं शिजवणं. मी गेली चार वर्षं गार जेवतेय, अर्धवट झोपतेय. त्याला कुणी तत्त्वज्ञान म्हटलं नाही.

आज अकराला माझा फोनवर इंटरव्ह्यू होता. लेक होण्याआधी मी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करायची. त्यानंतर कामासाठी कुणी विचारलं, ते आत्ताच. तासभर लेकीला सांभाळायचं त्याने कबूल केलं होतं.

पावणेअकराला स्वारी सतरंजीवर उघड्या अंगाने, डोळे मिटून बसली.

"अरे, हिला बागेत ने ना."

"अगं, कासावीस होऊ नकोस. नोकरी मिळणं तुझ्या हातात नाही."

"पोरगी तुझ्या हातात आहे, तेवढी धर."

"वीस मिनिटं दे. मन स्थिर होतंय."

फोन वाजला. मी लेकीच्या हातात लॅबमधला प्लास्टरचा जुना जबडा आणि ओला ब्रश दिला. ती त्याचे दात घासू लागली.

"आमच्याकडे घाई फार," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "डॉक्टर ओरडतात. ताण आला की काय करता?"

"हातातलं काम सोडत नाही."

तेवढ्यात लेकीने तो ओला जबडा बाबाच्या उघड्या पोटावर ठेवला.

"एक मिनिट बसू देत नाही ही कार्टी!" घर हादरलं.

बाईंनी विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का?"

"नाही. तत्त्वचिंतन चाललंय."

त्या हसल्या की नाही, कळलं नाही. "कळवतो," म्हणाल्या आणि फोन ठेवला. किती दिवसांत, ते विचारायचं राहिलंच.

आतला दरवाजा आपटला. मन आता खोलीत जाऊन स्थिर होणार होतं. लेक माझ्या मांडीवर चढली, ओठ काढून. तिच्या केसांना अजून झोपेचा वास होता. मी तिचे डोळे पुसले.

"घसरगुंडीवर सगळ्यांचा नंबर येतो," ती म्हणाली.

"हो गं राणी, येतो."

"मग आई, शांत बसायचा तुझा नंबर कधी?"