दुसऱ्याचा घोट

माझ्या खोलीत पंखासुद्धा बंद असतो. बाळाच्या गळ्याला स्टेथोस्कोप लावून घोट ऐकायचा म्हणजे शांतता हवी, आणि आमच्या हॉस्पिटलात ती मागूनही मिळत नाही. म्हणून मी खेकसते. बाळांचं गिळणं तपासायला लागल्यापासून, म्हणजे अठरा वर्षं, खेकसतेय. माझ्या कानांचा मला गर्व आहे, तेही सांगून टाकते.

चांदवडहून आलेला रुद्र चार महिन्यांचा होता. स्नायूंत जन्मापासून ताकदच नाही, असा आजार. हातपाय ओल्या फडक्यासारखे पडलेले, जीभ बारीक थरथरणारी आणि डोळे मात्र टक्क. गिळणं एक्स-रेखाली तपासायची तारीख दहा दिवसांनी मिळाली होती. तोवर तोंडाने दूध द्यायचं की नाकातून नळी घालायची, ते मी ठरवायचं होतं. चुकलं तर दूध फुप्फुसात जातं, आणि अशा बाळाला खोकायचीही ताकद नसते.

“लय गुणी हाय,” त्याची आजी चतुराबाई म्हणाली. “ठसका म्हणून नाय. आधीचा आयुष बी असाच व्हता. त्याला बी तुमीच बघितलं व्हतं, म्हणून परत तुमच्याकडंच आणलं.”

रुद्रचा मोठा भाऊ आयुष सहाव्या महिन्यात झोपेतच गेला, असं ती म्हणाली. मला तो आठवत नव्हता. तरी मी मान डोलावली.

रुद्रच्या आईने, सायलीने, त्याला नेहमीसारखं उभं, स्वतःच्या गळ्याशी घट्ट धरलं. मी त्याच्या गळ्याला स्टेथोस्कोप लावला आणि चमच्याने दूध दिलं. गटक. स्वच्छ, भरीव घोट. पुन्हा चमचा, पुन्हा गटक. मी पेन उघडलं.

तेवढ्यात रुद्रच्या ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं. दिलं होतं जवळजवळ तेवढंच. मग गिळलं कोणी?

मी सायलीला दाराशी उभं केलं, रुद्रला टेबलावर उशीला टेकवलं आणि थेंबभर दूध दिलं. कानात घोट नाही. नुसता श्वास, आणि त्याच्या तळाशी ओलसर घरघर. पायाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन शहाण्णववरून नव्वदवर आला. रुद्र खोकला नाही. तो दाराकडे बघत राहिला.

मीही बघितलं. सायलीचा गळा हलला.

भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं, त्यात नवल नाही. मी रिकामाच चमचा रुद्रच्या ओठांना टेकवला. दाराशी तिचा गळा पुन्हा हलला. जवळ जाऊन मी स्टेथोस्कोप तिलाच लावला आणि चतुराबाईला रिकामा चमचा धरायला सांगितलं. गटक. तोच घोट.

“कधीपासून अशी गिळतेस?”

“मी कुठं काय गिळतेय, मॅडम?”

“आयुषच्या वक्ताला बी अशीच करायची,” चतुराबाई म्हणाली. “मी म्हनलं, आईचा जीव.”

लगेच रुद्रच्या नाकातून नळी घातली. दूध सिरिंजमधून थेट पोटात उतरू लागलं. त्याचे ओठ मिटलेले होते आणि ऑक्सिजनचा आकडा परत शहाण्णववर येऊन टिकला होता. कोपऱ्यात सायली गिळत होती.

“आता थांबलीस तरी चालेल,” मी न खेकसता म्हटलं. तिने मान डोलावली आणि पुन्हा गिळलं.

संध्याकाळी मी आयुषची जुनी फाईल मागवली. अक्षर माझंच होतं. ‘घोट स्वच्छ, भरीव. तोंडाने दूध सुरू ठेवावे.’ खाली सही. ते मी कुणाच्या गळ्याचं लिहिलं होतं, ते आता मला कळत होतं.

“मॅडम, आयुषची हाय का ती?” सायली दारात उभी होती.

फाईल मिटून ठेवता आली असती. मी ती तिच्या हातात दिली. तिने वाचलं, मग सही बोटाने पुन्हा वाचली. मला काहीतरी बोलायचं होतं, पण आवंढा उतरेना. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि तिचा गळा हलला.