अनिशच्या कॉम्प्युटरला हात

अवनीने शेवटचा स्क्रू तळहातावर घेतला आणि कॅबिनेटचं झाकण अलगद मागे ओढलं. आत वायरींवर पांढुरकी बुरशी चढली होती. पंख्याच्या पात्यांवर धूळ, कोपऱ्यात पालीची अंडी. कोकणातल्या पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या वस्तूचं जे व्हायचं ते झालं होतं. फुंकर मारायला तिने गाल फुगवले, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अवनी, ते झाकण परत लाव."

दत्तात्रेय आंघोळ करून आले होते. केस अजून ओलेच होते.

"बाबा, ऐकून तरी घ्या."

"लाव म्हटलं ना. दादाच्या कॉम्प्युटरला कोणी हात लावायचा नाही, हे तुला नव्याने सांगायला हवं काय गो?"

सांगायला नको होतं. घरात ते सगळ्यांना पाठ होतं. अनिशला जाऊन वर्ष होत आलं होतं. जयगडच्या बंदरावर नोकरीला होता; सकाळी बाईक घेऊन निघाला आणि वाटेत एका वळणावर घसरला. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. एरवी बंदरावर कोळणींच्या टोपलीतली मासळी पळवणारे हे कावळे, त्या दिवशी मात्र माडावर बसून नुसते बघत राहिले. गेलेल्याची काही इच्छा अडली असेल तर ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा, मग कावळा शिवतो, अशी रीत. दत्तात्रेयांनी शब्दामागून शब्द दिले. अवनीला शिकवीन. तुझ्या आईला जपेन. तुझ्या मित्रांना अंतर देणार नाही. कशालाच कावळा बधेना. शेवटी 'तुझ्या कॉम्प्युटरला कोणी हात लावणार नाही' असं म्हटलं, आणि तो शिवला. बायका काठावर जात नाहीत, त्यामुळे घरी येऊन हे सगळं त्यांनीच उंबऱ्यात उभं राहून सांगितलं. तेव्हा कुठे मालिनीने, अनिशच्या आईने, दोन घास खाल्ले होते.

"बाबा, हार्ड डिस्क जायला आलीय," अवनी म्हणाली. "टकटक वाजते आतून."

"तुला कसं कळलं?"

तिने हातातला स्क्रू टेबलावर ठेवला. "तुम्ही दोघं केळशीला लग्नाला गेला होतात, तेव्हा लावला होता एकदा."

दत्तात्रेयांचा चेहरा उतरला. रागावणार म्हणून तिने मान खाली घातली होती, पण ते रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं.

तिने टेबलावरची नवी एसएसडी उचलून दाखवली. पत्त्यांच्या कॅटाएवढीही नव्हती. "जुन्या डिस्कवरचं सगळं हिच्यावर घ्यायचं, एवढंच. काही पुसायचं नाही. दादा खेळताना सगळं रेकॉर्ड करायचा बाबा. गेम, आणि त्याचं बोलणंसुद्धा. डिस्क गेली तर त्याचा आवाज गेला. आपल्याकडे आणखी कुठे आहे त्याचा आवाज?"

कुठेच नव्हता. फोन त्या अपघातातच चिरडला गेला होता. लग्नामुंजीच्या व्हिडिओत तो कायम कॅमेऱ्याला पाठ करून जेवत असायचा.

"शब्द दिलाय मी त्याला," दत्तात्रेय म्हणाले. आवाजात जोर नव्हता. "जायची असेल तर जाऊ दे ती डिस्क."

"उघड तू, अवनी."

मालिनी कधी येऊन उभी राहिली ते कुणालाच कळलं नव्हतं. खोबरं खवता खवता उठली असावी; बोटांना कीस चिकटला होता.

"मालिनी, तुला ठाऊक आहे ना?"

"कावळा शिवला नव्हता, ते ठाऊक आहे मला."

दत्तात्रेयांनी दाराची चौकट धरली.

"बाबू भावोजी होते ना काठावर, ते बोलून गेले तेराव्यालाच," ती म्हणाली. "दुपारपर्यंत थांबलात, आणि मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"तुम्ही एवढं जिवापाड पाळत होतात. म्हटलं, त्यात आधार वाटत असेल तुम्हाला."

"तू अन्नाला शिवत नव्हतीस. दारात विचारलंस, शिवला का? काय सांगणार होतो मी? शिवला नाही म्हणून तर तो शब्द पाळला. वाटलं, तेव्हा नाही पटलं, तर निदान उशिराने तरी पटेल त्याला. मुलाला काय हवं होतं हे बापाला एवढ्या लोकांत सांगता येईना, मालिनी. मी आठवून आठवून दमलो."

मालिनी त्यांच्याजवळ गेली. खोबऱ्याच्या हातानेच तिने त्यांचा दंड धरून ठेवला. अवनीला रडू येत होतं. तिने पाठ वळवली आणि नवी केबल जोडायला घेतली.

कॉम्प्युटर चालू झाला. डिस्क टकटक करत राहिली, मध्येच थांबे, पुन्हा धडपडत सुरू होई. तिघांनी जेवणं उरकली ती एक कान त्या खोलीकडे ठेवून. दुपार कलली तेव्हा आवाज बंद पडला. अवनी धावत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"थोडंच आलं," ती आईबाबांना म्हणाली. "बाकीचं वाचताच येत नाही. पावसाळ्यात रोज थोडा वेळ नुसता चालू ठेवला असता, तर..."

तिने जीभ चावली. पण वाक्य कुठे चाललं होतं ते दत्तात्रेयांना समजलं होतं. त्यांनी मान हलवली, जणू एखादं बरोबर उत्तर ऐकलं असावं.

आलेल्यातले बरेच व्हिडिओ उघडत नव्हते. एक उघडला. गाड्यांची शर्यत होती. स्क्रीनवर रस्ता भरभर मागे पळू लागला, आणि खोलीत अनिश बोलायला लागला.

"सर्वेश, मेल्या, आत घुसू नको! आदळशील! घे, गेलास ना?"

मालिनीने तोंडाला पदर लावला. तो हसत होता, शिव्या देत होता, मध्येच कुरुमकुरुम काहीतरी खात होता. मग त्या आवाजामागे दार उघडल्याचं ऐकू आलं, आणि दत्तात्रेयांचाच आवाज आला.

"किती वेळ चाललंय हे?"

"बाबा, बसा ना जरा इथे. ही रेस बघा. मस्त आहे."

"मला नाही वेळ. ऑफिसला जायचंय. आणि तूही ऊठ आता."

दार लागलं. थोडा वेळ नुसती इंजिनं घुमत राहिली. हेडफोनवरून त्याच्याशी खेळणाऱ्या सर्वेशने काहीतरी विचारलं असावं, कारण अनिश म्हणाला, "नाही रे, बाबा होते. बघतील कधीतरी."

अवनीचा हात घाईघाईने माऊसकडे गेला.

"राहू दे. बंद करू नको," दत्तात्रेय म्हणाले.

त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि स्क्रीनसमोर बसले. चष्मा पुसला, पुन्हा लावला. गाड्या एकामागोमाग एक वळणावर येत होत्या, सगळ्या त्यांना सारख्याच दिसत असाव्यात. ते पुढे झुकले.

"यातली त्याची कुठली गो?"

अवनीने काचेवर बोट ठेवलं. ती निळी गाडी बरीच मागे पडली होती. शर्यत संपेपर्यंत दत्तात्रेय उठले नाहीत.