दुसऱ्यांदा

नंदिनी बी.ए.च्या मुलांना जी इंग्रजी कादंबरी शिकवायची, तिच्यात एक ताठ मानेचा नायक आहे. पहिल्यांदा तो लग्नाचं विचारतो तेच मुळी उपकार केल्यासारखं. नायिका त्याला चांगलं फटकारते. मग त्याचा ताठा उतरतो, तिचेही डोळे उघडतात आणि तो पुन्हा विचारतो. ही दुसरी मागणी शिकवताना नंदिनीचा आवाज दरवर्षी हळवा व्हायचा. पुलगावात ती कादंबरी तिच्यासारखी कोणी शिकवत नाही असं लोक म्हणत, आणि तिला ते खरंही वाटे.

रूपेशची ओळख विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गातली. ती इंग्रजी शिकवायची, तो गणित. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, बोलणं मोजकं. एकदा तो तिच्या घरी जेवला. तिची आई सीताबाई आणखी एक पोळी वाढायला आली, तर त्यानं ताटावर हात धरला. पाहुण्याचा पहिला नकार धरायचाच नसतो, ही त्या घराची रीत. सीताबाईंनी पोळी वाढलीच. त्यानं ती मुकाट्यानं संपवली आणि हात धुताना म्हणाला, "काकू, मी नाई म्हटलं का नाईच असते."

"भलताच ताठा आहे याले," तो गेल्यावर नंदिनी म्हणाली. पण बोलताना ती लाजली, आणि सीताबाईंनी काय ते ओळखलं.

दिवाळीनंतर विहाराच्या पायऱ्यांवर त्यानं विचारलं. कसं, तर, "माझ्या घरचे नाई म्हणून राह्यले. तुमचे बाबा मिलमध्ये मजूर होते ना, म्हणून. पण त्याईले मी पाहून घेईन. तुम्ही हो म्हणा."

नंदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिल बंद पडल्यावर कवडूंनी, तिच्या बाबांनी, हमाली करून तिला एम.ए. केलं होतं.

"मले माझ्या बाबांचा अभिमान आहे," ती म्हणाली. "तुमचे उपकार नको. नाई."

"बरं," रूपेश म्हणाला, आणि चप्पल घालून निघून गेला.

राग फार टिकला नाही. बोलायची अक्कल नसली तरी माणूस आपल्यासाठी घरच्यांशी भांडला, हे तिला कळलं. आता त्यानं पुन्हा विचारलं की हो म्हणायचं, हे तिचं ठरलेलंच होतं. पण आपण होऊन बोलायचं? छे! बाईमाणसाला काही मान आहे की नाही? नवा कुर्ता घालून ती वर्गाला जायची, मुलं गेल्यावर उगाच फळा पुसत रेंगाळायची. तो खडूचा डबा जागेवर ठेवायचा, "येतो" म्हणायचा आणि जायचा. काय हा ताठा, म्हणून ती मनातल्या मनात चरफडायची. असा हिवाळा गेला, उन्हाळाही गेला.

पोळ्याच्या सुमारास तो पेढे घेऊन आला. कारंज्याच्या मुलीशी त्याचं साक्षगंध झालं होतं.

नंदिनीच्या तोंडून निघूनच गेलं, "पुन्हा काऊन नाई विचारलं?"

रूपेश तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही नाई म्हटलं होतं," तो म्हणाला. "तुमच्या बाबांचा अपमान मी केला तो केलाच. तुमचा शब्दही मानला नसता, तर मी कोण राह्यलो असतो?" मग त्याचा आवाज फाटला. "मी वाट पाहून राह्यलो होतो, मॅडम. एका शब्दानं तरी बोलल्या असत्या."

बोलायला आताही जीभ होती. पण तिकडे कारंज्यात एक पोरगी याच्या नावाची अंगठी घालून बसली होती. तिचा काय दोष? नंदिनीनं पेढा तोंडात घातला आणि अभिनंदन म्हटलं.

यंदा दुसऱ्या मागणीचं प्रकरण आलं, तेव्हा पुढच्या बाकावरच्या वर्षालीनं हात वर केला. "मॅडम, त्यानं पुन्हा विचारलंच नसतं तर?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. नंदिनीनं पुस्तक मिटलं. तिचे डोळे भरून आले, आणि ते मुलांना दिसलेच.

"तर तिनं विचारायचं होतं," ती म्हणाली. "त्यानं चप्पल घालायच्या आत."