शास्त्रज्ञांनी माझ्यावर नारळ फोडला

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि नारळ दिसला की आजही मला किळस येते.

१९८६ साली मला बेळगावच्या एका कॉलेजात आणलं. थंड खोलीत ठेवलं, अंगावर मखमली झूल घातली. लोक चपला बाहेर काढून माझं दर्शन घ्यायचे. दर्शन! विचारायचं कुणी काहीच नाही. अपवाद एकच, निपाणीचे तरुण धर्मराज सर. दोनशे नावं क्रमाने लावायला मला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजायचे. मग फळ्यावर लिहायचे, 'चारशे नावांना दुप्पट नाही, चौपट वेळ लागेल.' आणि तपासायचे. अंदाज चुकला तर फळा पुसून नव्याने विचार करायचे. मला कधी शिवी दिली नाही.

पदार्थविज्ञानाचे प्रमुख नागोजी सर मात्र नाक मुरडायचे. "धर्मा, हे शास्त्र न्हाय रं. टायपिंग हाय, टायपिंग!" मला विज्ञान शाखेत घ्यायचं की टंकलेखनाच्या वर्गाला देऊन टाकायचं, हे दसऱ्यानंतर समिती ठरवणार होती. तिच्यासमोर हाच प्रयोग दाखवायचा म्हणून धर्मराज सर महिनाभर राबले आणि सुट्टीला गावी गेले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या यंत्रपूजेला नागोजी सर ताट घेऊन आले. मला कुंकू फासलं, कापूर ओवाळला आणि थेट माझ्या कपाळावर नारळ फोडला! पाणी कळफलकात झिरपलं. शी! अंगभर चिकचिक, वर मुंग्या. आणि हे म्हणे शास्त्राचे प्रमुख!

सुट्टी संपली, धर्मराज सर परतले आणि समिती आली. मी काही केल्या सुरू होईना.

"बघा," नागोजी सर म्हणाले, "कधी चालतंय, कधी न्हाय. ह्याला शास्त्र म्हणायचं व्हय?"

धर्मराज सरांनी माझ्या कळांमधून खोबऱ्याचा तुकडा उपसून काढला. "सर, माझा एक अंदाज हाय. नारळाचं पाणी आत गेलं की यंत्र बंद पडतंय. पर एकदा घडलं म्हणून मी मानणार न्हाय, परत तपासाय पायजे. मी नारळ आणतो, तुमचा व्होल्टमीटर आणा."

"अरे खुळ्या, बिघडंल की तो!" नागोजी सर ओरडले.

"म्हणजे अंदाज तुम्हालाबी पटला."

समिती खो खो हसली, चहा प्यायली आणि मला टंकलेखनाच्या वर्गात पाठवून मोकळी झाली. नवा कळफलक बसला, पण घड्याळ घेऊन समोर बसणारं कुणी उरलं नाही. खंडेनवमीला कुंकू मात्र दरवर्षी लागतं.

मित्रांनो, मला ओवाळू नका. एक प्रश्न विचारा, आणि माझं उत्तर खोटं निघतंय का ते बघा.