नाकवाल्यांची लेक

देव ज्याला जे भरभरून देतो, त्याचाच त्याला अभिमान चढतो. गळा दिला की गळ्याचा, रूप दिलं की रूपाचा. बारकीच्या बाबांना देवाने नाक दिलं होतं.

त्यांचं दुकान थिनर, टर्पेंटाइन, अ‍ॅसिटोन असल्या, रंग पातळ करायच्या नि उतरवायच्या द्रव्यांचं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. ओघळ लागून डब्यावरचं लेबल पुसलं गेलं, की रंगारी, सुतार, छपाईवाले तो डबा घेऊन इथेच येत. बाबा झाकण उघडत, डोळे मिटत, खोल श्वास घेत आणि आत काय आहे ते सांगून टाकत. सगळा बाजार त्यांना ‘नाकवाले’ म्हणे, आणि त्यांना ते पदवीसारखं वाटे.

बारकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. शाळा संपली होती आणि कॉलेजात कोणता विषय घेणार, ते सोमवारी सकाळी कळवायचं होतं. रविवारी दुकान बंद ठेवून बापलेक गल्ल्यापाशी समोरासमोर बसले.

“केमिकल इंजिनिअरिंग,” बाबांनी निकाल देऊन टाकला. “शिकून आलीस की थिनर आपणच बनवू. डब्यावर तुझा फोटो छापतो.”

“माझा फोटो बघून कोण घेईल?”

“घेतील की. नुसता भिंतीला दाखवला तरी रंग उतरेल,” पडद्याआडून आई म्हणाली.

बारकी हसली, पण जागची हलली नाही. “मला औद्योगिक आरोग्य घ्यायचंय, बाबा. घातक पदार्थ हाताळणारी माणसं धडधाकट कशी ठेवायची, हवेत काय किती मिसळलंय ते कसं मोजायचं, तो विषय.”

“म्हणजे लोकांच्या कारखान्यात जाऊन नाक खुपसायचं!”

“नाक नाही, यंत्र. नाक सांभाळून ठेवायचं.”

“अगं, उभा जन्म काढला मी या वासात. काय झालं मला?”

उत्तर बारकीच्या ओठांवर होतं. गेल्या आठवड्यात गल्ल्याखाली थिनरचा डबा गळत होता. पडदा बाजूला सारताच तिचे डोळे चुरचुरले, आणि बाबा मात्र त्याच जागी बसून निवांत पेपर वाचत होते. तिने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं, तेव्हा म्हणाले, “एवढं काय झालं?” त्या दिवसापासून तिने नीट लक्ष ठेवलं. डबा हुंगण्याआधी बाबा हळूच झाकणाचा रंग बघत आणि सहज विचारल्यासारखं विचारत, “कुठल्या कामाला आणलं होतंस?” डब्यातल्या द्रव्याचं नाव त्या उत्तरातून येत होतं. नाक फक्त हजेरी लावत होतं.

“चल, परीक्षाच घेतो तुझी,” बाबांना हुरूप आला. “तीन बाटल्या भरतो. हुंगून ओळखल्यास, तर माझं नाक तुझ्यात उतरलंय. मग मुकाट्याने इंजिनिअरिंग.”

“बाटल्या मी भरते. आधी तुम्ही ओळखा. चुकलात, तर माझा विषय.”

“मी? चुकणार?” बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. “जा, भर!”

बारकी तीन कोऱ्या बाटल्या घेऊन स्वयंपाकघरात गेली. नळ वाहिल्याचा आवाज आला. बाबांना वाटलं, बाटल्या धुतेय.

बारकीने बाटल्या गल्ल्यावर ओळीने मांडल्या. बाबांनी पहिली नाकाशी धरली. “टर्पेंटाइन.” दुसरी. “थिनर. चांगल्यातला आहे.” तिसरीला डोळे मिटून बराच वेळ घेतला. “अ‍ॅसिटोन. बोल, चुकलो?”

आई पडद्यात उभी होती. तिने बारकीला बाटल्या भरताना पाहिलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

“बाबा, त्यात बोट बुडवा,” बारकी हळू आवाजात म्हणाली.

“वा! आणि हातमोजे कुठे गेले तुझ्या आरोग्याचे?” म्हणत त्यांनी बोट बुडवलं. अ‍ॅसिटोनने बोट गारठतं आणि बघता बघता कोरडं होतं. ते बोट उभं धरून वाट बघत राहिले. थेंब ओघळत मनगटापर्यंत आला.

“पाणी,” ते म्हणाले. मग दुसऱ्या बाटलीत बोट घातलं. मग पहिल्या.

“तिन्ही?”

“तिन्ही, बाबा.”

मग आई पुढे आली. “देवानं नाक श्वास घ्यायला दिलंय हो, डबे तपासायला नाही. कधीपासून हे?”

“कळलंच नाही गं. आधी बारीक वास गेले. म्हटलं, सर्दी असेल. परवा तुझ्या भाजीला ‘घमघमाट सुटलाय’ म्हणालो ना, तेही अंदाजानेच.”

“ती करपली होती!”

आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी तिला हसू फुटलं. मग तिघंही हसले. हसता हसता बाबांनी ओलं बोट सदऱ्याला पुसलं.

“तुम्हाला हरवायला नाही केलं मी हे,” बारकी म्हणाली. “उद्या मी कॉलेजात असताना पुन्हा डबा गळला, तर तुम्हाला सांगणार कोण? मला हे शिकायचंच आहे, आणि मला ते जमणार आहे.”

बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. असा ठाम आवाज आजवर या दुकानात फक्त त्यांचा असे.

“पैज म्हणजे पैज,” ते म्हणाले.

सोमवारी विषय कळवून बारकी परतली, तर दुकानात रंगारी उभा. हातात कोऱ्या अंगाचा डबा.

“नाकवाले, जरा हुंगून सांगा बरं, काय आहे हे.”

बाबांचा हात सवयीने झाकणाकडे गेला आणि तिथेच थांबला. “हुंगणं बंद.”

“का हो? नाक रुसलं की काय?”

“गेलं,” बाबा म्हणाले.

रंगारी हसायला लागला. मग त्याने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि डबा गल्ल्यावर ठेवला.

“तूही हुंगू नकोस. नाव माहीत नाही ते वापरायचं नाही. जिथून आणलंस तिथे परत दे. आणि आमची लेक आता औद्योगिक आरोग्य शिकणार आहे.”

“म्हणजे काय असतं ते?”

बाबांनी डब्याचं झाकण दाबून घट्ट बसवलं. मग वळून खिडकीला टेकलेली खोकी ओढायला लागले. ती खिडकी कुठल्या जमान्यात उघडली होती, कुणालाच आठवत नव्हतं. बारकीने दुसऱ्या बाजूने हात लावला. कडी करकरली, फळी उघडली आणि वारा आत आला.

“हां,” बाबांनी रंगाऱ्यासाठी स्टूल खिडकीशी सरकवलं. “आता बस इथे. सांगतो.”