पहिलं नाव

रेणापूरच्या बाजारगल्लीत रुद्राणीअक्काची पिठाची गिरणी होती आणि समोरच मकसूदचं पंक्चरचं दुकान. गिरणीचा पट्टा तुटला की तोच धावून यायचा. अक्काचा शिवांश पोलीस भरतीत दोनदा नापास झाला, तसा घरात तोंड लपवून बसू लागला. पुढं एका संघटनेनं त्याच्या गळ्यात उपरणं घातलं, पद दिलं. जन्मात पहिल्यांदा कुणी त्याला साहेब म्हणालं. मोबाईलवर रोज काहीबाही यायचं आणि आपल्या नोकऱ्या कुणी खाल्ल्या, ते तो जेवताना आईला सांगायचा. पोरगं निदान बोलतंय, एवढ्यावरच अक्का खूश होती.

भारतानं क्रिकेटचा सामना जिंकला, संघटनेची मिरवणूक निघाली आणि मकसूदच्या दुकानापुढं थांबली. देशाचा जयजयकार कर म्हणाले. त्यानं केला. जोरात कर म्हणाले. हातातलं चाक ठेवून, उभं राहून त्यानं बेंबीच्या देठापासून केला. मनापासून न्हाई केला, असं कुणीतरी म्हणालं आणि त्याच्याच दुकानातली टायर काढायची लोखंडी टामी त्याच्या तोंडावर बसली.

अक्का दाराशी आली तेव्हा मकसूद गुडघ्यावर होता, दात थुंकत. एकानं त्याच्या गळ्याला ट्यूब आवळली होती, दुसरा बरगड्यांत लाथा घालत होता. टामी आता शिवांशच्या हातात होती. गल्लीत कुणी मोबाईल धरून उभं, कुणी शटर ओढत होतं. अक्का पिठानं माखलेली तशीच धावली आणि मकसूदवर आडवी पडली. उगारलेली टामी खाली आलीच. आपल्या मनगटाचं हाड मोडल्याचं तिनं स्वतःच्या कानानं ऐकलं.

"माय, सरक," शिवांश म्हणाला. "ह्यो देशद्रोही हाय."

"मग आधी मला मार."

तो थबकला. मागून दगड आला, अक्काची भुवई फुटली. तेवढ्यात भाजीवाली नीलाबाई पाटी टाकून आली आणि अक्काला लागून बसली. मग शेषेराव शिंपी आला. दोघांनीही लाथा खाल्ल्या, पण उठले नाहीत. शेवटी दुकान पेटवून देऊन जमाव पांगला.

लातूरच्या दवाखान्यात संघटनेचा उमाशंकर भेटायला आला. जमाव अनोळखी होता एवढंच सांगा, पोराचं आयुष्य आहे, असं त्यानं हात जोडून समजावलं. जबाब घ्यायला हवालदार आला तेव्हा अक्का म्हणाली, "पहिलं नाव शिवांश लिहा. माझा पोरगा हाय."

त्यानं दोनदा विचारून खात्री केली. बाकीची नावं नीलाबाईनं आणि शेषेरावनं दिली.

मकसूदचा डावा डोळा गेला. अर्धं गाव दुसऱ्या गिरणीवर दळण नेऊ लागलं. भावकीनं अक्काशी बोलणं टाकलं. कुणी दारावर शेण फेकलं, ते तिनं एका हातानं धुतलं.

तुरुंगात शिवांशला भेटायला उमाशंकर कधी गेला नाही. अक्का गेली. तो जाळीआड खाली मान घालून उभा होता.

"मकसूदचाचा हाय का?" त्यानं विचारलं.

"हाय," ती म्हणाली. "एका डोळ्यानं बघतोय."