टिंबाखाली टिंब

टंकमावशींचा एक नेम होता. कळफलकावर खालची लांब पट्टी असते ना, मोकळी जागा सोडणारी, ती दाबली की मनात देवाचं नाव घ्यायचं. मुलांच्या दवाखान्यातली सगळी टायपिंगची कामं त्यांच्याकडे होती. त्यात आकड्यांचा तक्ता आला की त्यांना पर्वणीच वाटे, कारण आकडे एकाखाली एक आणायला पट्टी दाबतच राहावं लागे. तक्ताही होई, जपही होई. लोक याला एका दगडात दोन पक्षी म्हणतात, मावशींना पक्ष्यांना दगड मारणं पटत नसे, म्हणून त्या म्हणत, "एका दिव्यात दोन खोल्या."

त्या दिवशी तान्ह्या बाळांच्या कक्षात भिंतीवर लावायचा औषधांचा तक्ता होता. डावीकडे बाळाचं वजन, पुढे एकेका औषधाचा रकाना आणि त्यात किती मिली द्यायचं तो आकडा. अगदी कमी वजनाच्या बाळांना मधलं औषध चालत नाही, म्हणून तिथे जागा कोरी. पडद्यावर सगळं कसं ओळंब्यात दिसत होतं. मावशींनी समाधानाने फाइल वरच्या मजल्यावर पाठवून दिली.

थोड्याच वेळात त्या कक्षाच्या सिस्टरबाई छापलेला कागद घेऊन खाली आल्या.

"मावशी, हे तुमचंच बाळ ना? चालायला लागलंय बघा."

मावशींनी पाहिलं. वरच्या संगणकात त्यांचा फाँट नव्हता. त्याने आपल्या मनाने दुसरा घेतला होता आणि सगळ्या मोकळ्या जागा आक्रसल्या होत्या. आकडे डावीकडे सरकले होते. शेवटच्या औषधाचा आकडा नेमका त्या कोऱ्या जागेत येऊन बसला होता.

मावशींनी घाईने विचारलं, "कोणाला दिलं नाही ना हो?"

"छे! नवा कागद जुन्याशी ताडल्याशिवाय मी भिंतीला लावत नाही. पण जुना आता फिकट झालाय, डोळे ताणून वाचावा लागतो. संध्याकाळच्या फेरीआधी द्याल?"

"दुसऱ्या कोणाला तरी सांगा, बाई. माझा हात नाही धजायचा."

"दुसरं आहे कोण? मी दोन बोटांनी टाइप करते. तोवर ही बाळं शाळेत जातील!"

सिस्टरबाई गेल्या. मावशी हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या, तेवढ्यात डबा घेऊन वन्सं आल्या. मावशींच्या यजमानांच्या या थोरल्या बहीण. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि जीभही खिळ्यासारखीच टोकदार झाली होती. त्यांनी कागद पाहिला.

"पट्टी दाबून दाबून केलंस?"

"हो, वन्सं. नाव घेत घेत."

"म्हणजे देवाला आकडे धरून उभं राहायला लावलंस! अगं, आम्ही खिळे जुळवायचो तेव्हा कोऱ्या जागेतसुद्धा शिशाचा तुकडा बसवायचो. जागा नुसती हवेवर सोडली की ओळ ढासळलीच. सरक बघू जरा."

"तुम्हाला येतं हे?"

"छापखान्यात संगणक आला तेव्हा मीही रडले होते. रडून झाल्यावर शिकले."

वन्संनी पडद्यावर कागदाच्या वरची मोजपट्टी दाखवली. डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनावर क्लिक करत करत शेजारी टिंब असलेली खूण आणली. "हा दशांश टॅब. आता मोजपट्टीवर जिथे टिंब यायला हवं तिथे टिचकी मार. आकड्याच्या आधी टॅब दाबायचा, एकदाच. मग आकडा लांब असो की आखूड, टिंबाखाली टिंब."

मावशींनी करून पाहिलं. साडेबारा आणि पाऊण, दोघांची टिंबं मुकाट्याने एकाखाली एक उभी राहिली. फाँट बदलला तरी जागची हलली नाहीत.

"एकदाच दाबायचा?" मावशींचा चेहरा उतरला. "मग माझा नेम हो?"

वन्संनी कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाल्या, "एका आकड्याला एक नाव घे. सावकाश. आधी तू मोकळ्या जागेला नाव देत होतीस, आता ज्याच्यामागे बाळ आहे त्याला दे."

मावशी मान खाली घालून कामाला लागल्या. जिथे औषध द्यायचं नव्हतं तिथे त्यांनी शिशाच्या तुकड्याऐवजी आडवी रेघ बसवली. कागद घेऊन या वेळी त्या स्वतःच वर गेल्या. सिस्टरबाईंनी जुन्या तक्त्यातला एकेक आकडा वाचला, मावशींनी नव्यात बोट ठेवलं. कुठेही अडलं नाही. तक्ता भिंतीवर चढला.

मावशींनी सिस्टरबाईंना हात जोडले.

"अहो, मला कसले जोडताय!"

"देव काही स्वतः कागद ताडायला येत नाही, बाई."

काचेच्या पेटीत एक मूठभर बाळ झोपलं होतं. त्याच्या वजनाची ओळ मावशींनी शोधली. मधल्या औषधाखाली रेघ होती. त्या रेघेपाशी त्यांनी एक नाव जास्तीचं घेतलं आणि खाली उतरल्या.

वन्सं डबा उघडून बसल्या होत्या. "झालं का? आता गिळ चार घास, निवलं सगळं."

"तुम्ही होतात म्हणून, वन्सं."

"पुरे. आधी जेव, मग आरती ओवाळ."